ड्रोन हल्ले : कायदा, नीती आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)

 

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत मला बोलावयास सांगितले, हा मी माझा बहुमान समजतो. मी युद्धशास्त्राचा अभ्यासक नाही, कायद्याचा पंडित तर नाहीच. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर कापडाच्या पेढीवर बसलेला मी एक व्यापारी आहे. तेव्हा ‘ड्रोन हल्ले’ हा विषय मी निवडला याचे अनेकांना नवल वाटले. परंतु हा विषय आता दूरदेशीचा राहिलेला नाही. आकाशातून टिपलेली, काळ्या-पांढऱ्या रंगातील ती चित्रफीत, मधोमध फुलीचे चिन्ह, क्षणभरात उठलेला धुराचा लोट, हे सारे आपल्या घरातील मुले जेवणाच्या ताटावर बसून पाहतात आणि पुढे पाठवितात. जो समाज पाणीसुद्धा गाळून पितो, त्या समाजाने या दृश्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. ‘ड्रोन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी असा आहे. वैमानिकाविना उडणारे हे विमान हजारो मैलांवरून चालविता येते. अमेरिकेचे ‘प्रिडेटर’ आणि नंतरचे ‘रीपर’ ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे. नेव्हाडा राज्यातील हवाई तळावर एका बंद खोलीत बसलेला चालक अफगाणिस्तानातील घरावर तासन्‌तास नजर ठेवू शकत असे, ‘हेलफायर’ नावाचे क्षेपणास्त्र सोडू शकत असे आणि पाळी संपली की मोटार घेऊन आपल्या मुलाबाळांत जेवावयास जात असे. युद्धाच्या इतिहासात योद्धा आणि मृत्यू यांच्यात इतके अंतर पूर्वी कधीही पडले नव्हते.

अफगाणिस्तानच्या रणभूमीबाहेरील असा पहिला गाजलेला हल्ला ३ नोव्हेंबर २००२ रोजी येमेनमधील मारिब प्रांतात झाला. धावत्या मोटारीतील सहा जण ठार झाले. त्यात अल-कायदाचा एक प्रमुख होता. त्यावेळी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक पाकिस्तानच्या विख्यात वकील अस्मा जहांगीर होत्या. न्यायप्रक्रियेविना केलेली ही उघड हत्या आहे, असे मत त्यांनी आपल्या अहवालात नोंदविले. जून २००४ पासून पाकिस्तानच्या वझिरिस्तान भागात हल्ले सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

आता कायद्याकडे वळू. एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावयास हवी. ड्रोन हे स्वतः बेकायदा शस्त्र नाही. रासायनिक अस्त्रांवर १९९३ च्या करारान्वये बंदी आहे, तशी ड्रोनवर नाही. म्हणून प्रश्न शस्त्राचा नसून ते कोठे, कोणावर आणि कोणत्या कारणाने वापरले याचा आहे. कायदा येथे दोन दारांवर उभा राहून दोन वेगवेगळे प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : दुसऱ्या देशाच्या भूमीवर बळ वापरण्याचा अधिकार तुम्हांस आहे काय? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) असे बळ वापरण्यास मनाई करते. कलम ५१ स्वसंरक्षणाचा अपवाद देते, तोही सशस्त्र हल्ला झाला असेल तर, आणि केलेली कारवाई सुरक्षा परिषदेस तात्काळ कळविण्याच्या अटीवर. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेची भूमिका अशी राहिली की आमचे अल-कायदाशी युद्ध चालू आहे आणि ज्या देशाची या लोकांना रोखण्याची इच्छा वा कुवत नाही, तेथे आम्ही स्वसंरक्षणार्थ कारवाई करू. यावर आक्षेपकांचे म्हणणे असे की युद्ध हे रणभूमीवर असते. शत्रू जाईल तेथे रणभूमी त्याच्या पाठोपाठ जाऊ लागली तर सारे जग रणभूमी ठरेल. जेथे युद्ध नाही तेथे मानवी हक्कांचा कायदा लागू होतो आणि तो सांगतो की जीव घेणे हा अखेरचा उपाय आहे. समोर आलेला धोका टाळण्यास दुसरा मार्ग नसेल तेव्हाच.

यातील ‘समोर आलेला धोका’ हे शब्द फार मोलाचे आहेत. अमेरिकेच्या न्याय खात्याचे एक टिपण २०१३ मध्ये प्रसिद्धीस आले. त्यात म्हटले होते की धोका निकटचा मानण्यासाठी एखादा विशिष्ट हल्ला लवकरच होणार असल्याचा स्पष्ट पुरावा असण्याची गरज नाही. व्यापारात आम्ही पाहतो की गज तोच राहतो, पण कापड ओढून मोजले की माप वाढते. शब्दाचेही तसेच होते. ‘निकट’ हा शब्द ताणला की तो कोणाच्याही अंगावर पांघरता येतो.

दुसरा प्रश्न : अधिकार असला तरी वार कसा केला? १९४९ चे जिनिव्हा करार आणि १९७७ चा पहिला अतिरिक्त मसुदा यांतून, तसेच राष्ट्रांच्या प्रस्थापित प्रथांतून तीन नियम सिद्ध झाले आहेत. एक, लढणारा आणि सामान्य नागरिक यांत भेद करावा. दोन, अपेक्षित लष्करी लाभाच्या तुलनेत नागरिकांची हानी अवाजवी नसावी. तीन, वार करण्यापूर्वी शक्य ती सर्व दक्षता घ्यावी. भारत जिनिव्हा करारांचा सदस्य असून त्यासाठी आपल्या संसदेने १९६० मध्ये स्वतंत्र कायदाही केला आहे. अतिरिक्त मसुदा मात्र भारताने स्वीकारलेला नाही. अमेरिकेनेही त्यास अंतिम मान्यता दिलेली नाही. तरीही हे तीन नियम प्रथेने सर्वांनाच बांधतात, असे मानले जाते.

न्यायालयांनी काय म्हटले? दोन निकाल मला उल्लेखनीय वाटतात. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये, आहरोन बराक यांच्या निकालपत्रात असे ठरविले की, दहशतवाद्यांना हेरून ठार मारणे हे सरसकट कायदेशीरही नाही आणि सरसकट बेकायदाही नाही. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासावे. माहिती पक्की हवी, अटक करणे शक्य असेल तर मारू नये, निरपराधांची हानी प्रमाणाबाहेर नसावी आणि हल्ल्यानंतर स्वतंत्र चौकशी व्हावी, अशा अटी त्यांनी घातल्या. दुसरा निकाल पेशावर उच्च न्यायालयाचा, एप्रिल २०१३ मधील. वझिरिस्तानातील ड्रोन हल्ले बेकायदा असून ते युद्धगुन्हा ठरतात, असे मुख्य न्यायमूर्ती दोस्त मुहम्मद खान यांनी जाहीर केले. त्यामागे १७ मार्च २०११ च्या दत्ताखेलसारख्या घटना होत्या. तेथे क्रोमाइटच्या खाणीचा तंटा मिटविण्यासाठी भरलेल्या जिरग्यावर, म्हणजे पंचायतीवर, क्षेपणास्त्रे पडली आणि चाळीसच्या आसपास माणसे मेली. आकाशातून पाहणाऱ्याला माणसांचा जमाव दिसतो. तो जमाव कट रचीत आहे की तंटा मिटवीत आहे, हे दिसत नाही.

बंधू-भगिनींनो, आता एका प्रकरणाचा थोडा सविस्तर विचार करू. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकन सैन्य काबूल सोडत होते. २६ ऑगस्ट रोजी विमानतळाच्या प्रवेशद्वारी आत्मघातकी स्फोट झाला. त्यात १३ अमेरिकन सैनिक आणि सुमारे १७० अफगाण नागरिक मृत्युमुखी पडले. दुसऱ्या हल्ल्याची भीती होती. २९ ऑगस्ट रोजी एका पांढऱ्या टोयोटा मोटारीवर ड्रोनने सुमारे आठ तास पाळत ठेवली. चालक ठिकठिकाणी थांबला, काही डबे गाडीत चढविले, असे दिसले. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि क्षेपणास्त्र सुटले. दहा जण ठार झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याने या हल्ल्याचे प्रथम न्याय्य म्हणून समर्थन केले. पुढे वृत्तपत्रांनी शोध घेतला आणि १७ सप्टेंबर रोजी लष्कराने मान्य केले की मेलेल्यांत एकही दहशतवादी नव्हता. गाडीचा चालक एका अमेरिकन मदतसंस्थेचा कर्मचारी होता. ते डबे पाण्याचे होते. दहांपैकी सात बालके होती.

यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला : चूक झाली, पण कायद्याचा भंग झाला नाही. पाहणाऱ्यांच्या मनाने आधीच धरलेला ग्रह समोरच्या प्रत्येक दृश्यात खरा होत गेला. क्षेपणास्त्र सुटण्यापूर्वी सुमारे दोन मिनिटे एक मूल चित्रफितीत दिसत होते. मुद्दाम शोधले तर ते दिसते, एरवी सहज नजरेतून सुटते, असेही सांगण्यात आले. डिसेंबरमध्ये जाहीर झाले की कोणासही शिक्षा होणार नाही.

येथे कायद्याची वाट संपते आणि आपल्या परंपरेचा प्रश्न सुरू होतो. कायदा विचारतो, हेतू काय होता? मुलांना मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून गुन्हा नाही. आपले आचार्य आणखी एक गोष्ट विचारतात : तेथे प्रमाद होता काय? जैन विचारात हिंसेची व्याख्या केवळ प्राण जाण्यावर केलेली नाही; ती प्रमादयुक्त प्रवृत्तीवर केलेली आहे. ईर्यासमिती पाळून, साडेतीन हात भूमी निरखून चालणाऱ्या मुनींच्या पायाखाली नकळत एखादा जीव आला तर त्यांना हिंसेचा बंध लागत नाही. आणि न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही तरी तो हिंसेचा भागीदार होतो. या मापाने मोजले तर ‘चूक झाली’ एवढ्याने हिशेब मिटत नाही. आठ तास पाहिले, परंतु पाहणाऱ्याने आपल्याच समजुतीला पाहिले. ही घाई, हे भय आणि हा पूर्वग्रह यांनाच आपण प्रमाद व कषाय म्हणतो.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट खटकते, ती म्हणजे हिशेबाची. लेखापरीक्षणाचा पहिला धडा असा की जो वही लिहितो त्याने ती तपासू नये. अमेरिकन सरकारने जुलै २०१६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले : २००९ ते २०१५ या काळात, मुख्य युद्धक्षेत्राबाहेर ४७३ हल्ले, २,३७२ ते २,५८१ लढवय्ये ठार आणि ६४ ते ११६ सामान्य नागरिक ठार. स्वतंत्र संस्थांनी गावोगावच्या बातम्या ताडून केलेली नागरिकांची गणना याहून कितीतरी अधिक होती. मारणारा हात आणि मोजणारा हात एकच असल्यावर असा फरक पडणारच. आणि मार्च २०१९ मध्ये हा वार्षिक आकडा जाहीर करण्याचे बंधनही अध्यक्षीय आदेशाने काढून टाकण्यात आले. ज्या पेढीची वहीच बंद झाली, तिच्या सचोटीची ग्वाही कोणी द्यावी?

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. आपण अनेकान्ताचे अनुयायी आहोत. ड्रोनचे समर्थक विचारतात, याऐवजी काय? सैन्य पाठवले तर गावेच्या गावे उद्ध्वस्त होतील, बॉम्बफेकी विमान पाठवले तर शेकडो मरतील. ड्रोन थांबू शकतो, वाट पाहू शकतो, मूल दिसले तर परत फिरू शकतो. ३१ जुलै २०२२ रोजी काबूलमध्ये अल-कायदाचा प्रमुख अयमान अल-जवाहिरी घराच्या सज्जात उभा असताना मारला गेला. घरातील इतर कोणाला इजा झाली नाही, असे अमेरिकेने सांगितले. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की ड्रोनने दक्षता घेणे शक्य आहे; ती घेतली जाते, हे सिद्ध होत नाही. उलट, जेवढे अधिक दिसू शकते तेवढी न पाहण्याची जबाबदारी वाढते.

शिवाय स्वस्त आणि निर्धोक झालेली वस्तू अधिक वापरली जाते, हा बाजाराचा नियम युद्धालाही लागू पडतो. आपले सैनिक गमवावे लागणार असतील तर राजा दहा वेळा विचार करतो. येथे मला भरत-बाहुबलींची कथा आठवते. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना मंत्र्यांनी विनविले की वाद तुम्हा दोघा भावांचा आहे, निरपराध सैनिकांचे रक्त कशाला? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरले. तिन्हींत हरल्यावर भरताने संतापाने चक्र सोडले. नियम मोडून, दुरून सोडलेले ते शस्त्र होते. ते बाहुबलींना प्रदक्षिणा घालून थांबले आणि त्या क्षणी जिंकलेल्या बाहुबलींना राज्याचा वीट आला. चक्राला आप्त कोण ते कळत होते, असे पुराणकार सांगतात. आजच्या चक्राला ते कळत नाही. म्हणून ते कळून घेण्याचा सारा भार ते सोडणाऱ्यावर येतो.

कोणी म्हणेल, आपण अहिंसेची भाषा बोलतो, पण देशावर हल्ला झाला तर काय करावे? आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगून, गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्णपणे वर्ज्य केली; स्वतःच्या, आश्रितांच्या आणि देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा मात्र त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हे मान्य केले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांना ठार मारण्यात आले. ७ मे रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केले. ८ मेच्या रात्री पाकिस्तानकडून ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठविले गेले, असे आपल्या लष्कराने सांगितले. ते पाडणाऱ्या जवानाच्या हातून घडते ती विरोधी हिंसा, आणि त्याच्याविषयी आपल्या मनात कृतज्ञताच असली पाहिजे. परंतु विरोधी हिंसेची सीमा रक्षणापाशी संपते. सूड, दहशत आणि विजयाचा उन्माद शिरला की तीच हिंसा संकल्पी होऊ लागते. ड्रोनची खरी कसोटी येथेच आहे.

आणि न्याय दुसऱ्या मार्गानेही करता येतो, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखविले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जण मरण पावले. जिवंत पकडलेल्या कसाबला वकील देण्यात आला, साक्षी नोंदविल्या गेल्या, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती ऑगस्ट २०१२ मध्ये कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. फाशीविषयी आपल्यात मतभेद असू शकतात. पण त्या खटल्यात आरोपी कोण हे निश्चित होते, पुरावा खुला होता आणि शेजारचे कोणी मेले नाही. शिवाय सीमेपलीकडे रचलेल्या कटाची साक्ष जगासमोर आली, ती आरोपी जिवंत होता म्हणूनच. सर्वच ठिकाणी अटक शक्य नसते, हे मला समजते. परंतु जेथे शक्य असते तेथेही क्षेपणास्त्र सोडणे सोपे वाटू लागले, तर न्यायसंस्थेची गरजच उरणार नाही.

एकाने पाडलेला पायंडा दुसरा गिरवतो. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात ड्रोनने निर्णायक काम केले. त्याच वर्षी ३ जानेवारीला बगदादच्या विमानतळाजवळ इराणचे सेनानी कासिम सुलेमानी मारले गेले; राष्ट्राचा अधिकृत सेनानी तिसऱ्या देशाच्या भूमीवर असा मारणे बेकायदा होते, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने काढला. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने म्हटले की युक्रेनच्या खेरसन भागात रशियन ड्रोनचालकांनी रस्त्यावरील सामान्य नागरिकांना हेरून मारले आणि तो मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत हे शस्त्र एका महासत्तेच्या हातून अनेकांच्या हाती आले. आज आपण जो नियम सैल करू, तोच उद्या आपल्यावर चालवला जाईल.

आता हे सारे आपल्यापाशी कोठे येऊन भिडते? श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या यांचा त्याग सांगितला आहे. दुसऱ्याच्या वधाने मनात हर्ष मानणे हे अपध्यान. हल्ल्याची चित्रफीत आनंदाने पाहणे आणि पुढे पाठविणे याला दुसरे काय म्हणावे? त्यातून देशाचे कोणतेही रक्षण होत नाही. केवळ आपले मन निबर होते. घरातील मुलांना हे वडीलधाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे आणि व्यापारी समाजापुढे तो स्पष्टपणे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. मे २०२५ नंतर ड्रोन बनविणाऱ्या कंपन्यांच्या समभागांचे भाव वधारले आणि आपल्यातील अनेकांनी ते घेतले. आपले पूर्वज विष व शस्त्रे यांचा व्यापार कर्मादान म्हणून टाळीत. देशाला शस्त्रे लागतात, ती कोणीतरी बनवणारच, हे खरे. परंतु युद्ध भडकले की माझा नफा वाढतो, अशा जागी श्रावकाने स्वतःला उभे करावे काय? माझे मत असे की करू नये. निदान आपल्या धर्मादाय संस्थांचा पैसा तरी अशा ठिकाणी गुंतवू नये. यावर आपण सर्वांनी मोकळेपणाने विचार करावा.

तिसरी गोष्ट नागरिक म्हणून. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेकडून ३१ शस्त्रसज्ज ड्रोन घेण्याचा करार केला. आपल्या नागपुरात तयार झालेले ‘नागास्त्र-१’ २०२४ मध्ये सैन्याच्या हाती आले. लक्ष्य सापडले नाही वा मोहीम रद्द झाली तर ते हवाई छत्रीच्या साहाय्याने परत उतरविता येते. शस्त्र सोडल्यावरही परत बोलाविता यावे, हा विचार मला आपल्या वृत्तीशी जुळणारा वाटतो. अशी शस्त्रे बाळगणाऱ्या देशाच्या नागरिकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना विचारले पाहिजे की लक्ष्य कोण ठरवते, चूक झाली तर चौकशी कोण करते आणि मेलेल्या निरपराधांची नोंद कोठे ठेवली जाते. असे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. सैन्याचे हात स्वच्छ राहावेत अशी इच्छा करणे, हीही देशसेवाच आहे.

२०१३ मध्ये वझिरिस्तानातील एक मुलगा अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींसमोर बोलला. शेतात भेंडी तोडत असलेली त्याची आजी ड्रोन हल्ल्यात मारली गेली होती. मला आता निळे आकाश आवडत नाही, कारण ढग असले की ड्रोन उडत नाहीत, असे तो म्हणाला. स्वच्छ आकाशाची भीती वाटावी अशी पाळी कोणत्याही देशातील कोणत्याही मुलावर येऊ नये, इतका तरी आग्रह अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या समाजाने धरावा, ही नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र. जय महाराष्ट्र. जय हिंद.